दहा किलो वांगी, एक सिगारेट

‘सूर्यास्तानंतरचे जेवण म्हणजे विष’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे असे. वांग्याचं भरीत खाणं म्हणजे सिगारेट ओढणं. संध्याकाळी सहानंतर जठराग्नी विझतो. रात्री उडीद पोटात सडतो. खिचडीवरचं तेल रक्त गोठवतं. गॅसच्या आचेवर फुगवलेल्या भाकरीने कॅन्सर होतो. भरितासोबत दही खाल्लं की अंगावर कोड उठतं. आणि शेवटी रामबाण उपाय: चाळीस दिवस रात्रीचं जेवण सोडा, मधुमेह मुळापासून जाईल. भूक लागलीच तर गुळाचं गरम पाणी प्या, गूळ ‘नैसर्गिक’ असल्यामुळे साखर वाढवत नाही. हे सांगणाऱ्या ‘मोठ्या डॉक्टरांना’ ना नाव आहे ना गाव. अकरा जणांना पाठवा, ही सूचना मात्र ठळक अक्षरात आहे.

असले मेसेज मी वाचते आणि सोडून देते. हा सोडला नाही, कारण तो अमळनेरच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने तो खरा मानला. तिला मधुमेह आहे, संध्याकाळच्या जेवणाआधी घ्यायची एक गोळी आहे. तिने जेवण बंद केलं आणि गोळी चालू ठेवली. गुळावर तिचा विश्वास नव्हता म्हणून ते गुळाचं पाणीही घेतलं नाही. मध्यरात्री घामाने चिंब, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध. मावसभावाने घरच्या मशीनवर साखर तपासली तर साठच्या खाली. साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. सकाळी मी फोनवर रागावले तर वर मलाच ऐकवते, “तठे लिखेल शे ना!” (तिथे लिहिलंय ना!)

म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेते.

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात की नाही हे त्या बघत नाहीत. इन्सुलिनचं इंजेक्शनही तसंच. पोटात अन्न नाही आणि इन्सुलिन तर आलं, मग रक्तातली साखर घसरणारच. सत्तरच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड. आणखी खाली गेली तर भ्रम, बेशुद्धी. म्हाताऱ्या माणसाला हे झोपेत झालं तर कोणाला कळणार? अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. अकरा जणांना पाठवायचंच असेल तर हे पाठवा.

आता यातलं अर्धसत्य, नाइलाजाने. खाणं कमी करून, वजन उतरवून टाइप २ मधुमेह आटोक्यात येतो, काहींचा गोळ्यांशिवायही राहतो. ब्रिटनमध्ये याची रीतसर चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल छापून आले, आणि वर्षभराने सुमारे ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना ठीक होती. पण त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, दिवसभराच्या कॅलरी मोजून दिल्या होत्या, आणि गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. मेसेजने यातलं फक्त ‘जेवण सोडा’ एवढंच उचललं. आणि गूळ? गुळात बहुतांश साखरच असते. रंग तांबूस आणि चव खमंग, म्हणून रक्ताला ती वेगळी वाटत नाही.

दुसरा मुद्दा वांग्याचा. हा धोकादायक नाही, नुसता अचाट आहे, पण खानदेशात बसून कोणी भरिताला सिगारेट म्हणावं आणि आपण लाइकचा अंगठा टाकून पुढे ढकलावं, हे मला झेपत नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी लोक नावाने मागून घेतात. आणि त्याच गावांच्या ग्रुपवर ‘एक वाटी भरीत = चार सिगारेट’!

गंमत म्हणजे ही बाब पूर्ण हवेतली नाही. वांगं आणि तंबाखू एकाच कुळातले, बटाटा, टोमॅटो, मिरचीही त्यातलीच. वांग्यात निकोटिन असतं, हे खरं. किती असतं, तेवढं मेसेज सांगत नाही. ते अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या एडवर्ड डॉमिनो आणि सहकाऱ्यांनी मोजून ठेवलंय. १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांचं छोटंसं पत्र छापून आलं. एक ग्रॅम वांग्यात साधारण ०.१ मायक्रोग्रॅम निकोटिन. दहा ग्रॅम वांगं खाल्लं तर एक मायक्रोग्रॅम, आणि किंचित धूर असलेल्या खोलीत तीन तास बसल्यावर साधारण तेवढंच शरीरात जातं, अशी तुलनाही त्यांनी दिली होती. मेसेजचं मूळ या तुलनेत असावं असा माझा अंदाज. धुराच्या खोलीची सिगारेट झाली, मग एकीच्या चार झाल्या.

आता हिशेब करा. एक सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात साधारण एक मिलिग्रॅम निकोटिन जातं, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. तेवढं वांग्यातून मिळवायचं तर दहा किलो वांगी लागतील. शेतातल्या भरीत पार्टीला, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचलेलं, शेंगदाणे आणि कांद्याची पात घातलेलं भरीत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुरीसोबत ओरपून खाणारा गडीसुद्धा एका बैठकीत अर्धा किलो वांग्यांपुढे जाईल असं मला वाटत नाही. त्याला एका सिगारेटसाठी वीस पार्ट्या कराव्या लागतील. तरीही ती सिगारेट होणार नाही, कारण पोटातून गेलेलं निकोटिन बरंचसं यकृतातच मोडतं, आणि फुप्फुसाचा कॅन्सर होतो तो धुरातल्या डांबराने आणि इतर रसायनांनी. निकोटिनचं काम व्यसन लावण्याचं. भरिताचं व्यसन लागतं, पण ते निकोटिनचं नाही.

आमच्या ग्रुपवर हा मेसेज ज्यांनी टाकला ते काका गालात गुटखा धरून बोलतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि त्यांना तो रोज मिळतो. निकोटिनची एवढी धास्ती असेल तर वांग्यापेक्षा जवळची जागा त्यांना माहीत आहे.

बाकीचं भराभर.

सहा वाजता जठराग्नी विझतो म्हणे. डिसेंबराच्या सुरुवातीला जळगावात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. मग जठर घड्याळ बघतं की सूर्य? पोटातलं आम्ल रात्रीही असतं, अन्न काही तासांत पुढे सरकतं, झोपेत हे काम मंदावतं पण थांबत नाही. ‘सडत’ काही नाही. उशिरा जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं, छातीत जळजळतं, साखरही जास्त वाढते, हे मान्य. झोपण्याआधी दोन-तीन तास जेवावं. ज्यांच्या घरी चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्याचं जैन व्रत, आहे ते श्रद्धेने लवकर जेवतात, त्यांना माझं काही म्हणणं नाही. पण कापूस वेचून बाई अंधार पडता पडता घरी येते, मग चूल पेटते. शेतकऱ्याला रात्रीची लाईट असली की जेवून पिकाला पाण्याचे बारे द्यायला जावं लागतं. त्यांनी सहाला कुठलं जेवावं?

उडीद. कळण्याच्या पिठात ज्वारीबरोबर उडीद असतो आणि तो काहींना वायूचा त्रास देतो, कारण डाळींतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतात. ज्याला त्रास होतो त्याने रात्री एक भाकर कमी खावी. ज्वारी आणि उडीद मिळून प्रथिनं एकट्या ज्वारीपेक्षा चांगली मिळतात, हे मेसेजवाल्याला सुचलं नाही.

खिचडीवरच्या तेलाने रक्त गोठत नाही. पण एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात आणि आपल्याकडची धार एका चमच्यावर थांबत नाही, एवढं मावशीलाही सांगितलंय.

आचेवरची भाकर: काळे जळके डाग खरवडून टाका, विषय संपला. स्वयंपाकघरात फुप्फुसांना खरा धोका कशाचा, तर चुलीच्या धुराचा. आपल्या आज्या जन्मभर तो गिळत आल्या, पण त्यावर मेसेजात एक ओळ नाही.

राहिलं दही. कोड म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने त्वचेतल्या रंगाच्या पेशींवर केलेला हल्ला. त्याचा वांग्याशी संबंध नाही आणि दह्याशीही नाही. ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल सोबत दही घ्यावं. भरितात कालवून मात्र माझ्या ताटात वाढू नये.