होकायंत्र हिवाळ्यात बोटीवरच का ठेवावे: एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. टोरांटोत पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरत असताना शिडाच्या बोटीवरचे होकायंत्र जागेवरच ठेवायला सांगणे बेजबाबदारपणाचे आहे, कारण आतला द्रव गोठून वरचा पारदर्शक प्लास्टिकचा (अ‍ॅक्रिलिकचा) घुमट फुटेल, असे आपले म्हणणे आहे. आपली काळजी रास्त असली, तरी त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, म्हणूनच इंजिनात राहिलेले पाणी त्याला तडे पाडते. होकायंत्रात मात्र नुसते पाणी नसते. हल्लीच्या बहुतेक यंत्रांत रॉकेलच्या जातीचे शुद्ध, बिनवासाचे तेल असते. जुन्या यंत्रांत अल्कोहोल आणि पाणी यांचे जवळजवळ निम्मे-निम्मे मिश्रण असे, तेही उणे 25 अंशांपर्यंत गोठत नाही. तेल तर थंडीत आकसते: 20 अंशांवरून उणे 20 वर येईपर्यंत साधारण 4 टक्के. ही घट सामावून घेण्यासाठी यंत्रात एक लवचीक पडदा बसवलेला असतो आणि तो पुरा पडला नाही, की ऐन जानेवारीत घुमटाखाली वाटाण्याएवढा बुडबुडा दिसू लागतो. ऊब आल्यावर तो नाहीसा झाला तर काळजीचे कारण नाही. मे महिन्यातही तो तसाच राहिला, तर कुठेतरी गळती आहे असे समजून यंत्र दुरुस्तीला द्यावे. हाताशी असलेले स्पिरिट त्यात कदापि ओतू नये. तेलात अल्कोहोल गेले की द्रव गढूळ होतो आणि तबकडीवरचा रंगही सुटू शकतो.

घुमटाची खरी हानी करते ते ऊन. अ‍ॅक्रिलिकवर बारीक रेषांचे जाळे पडते, ते वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांमुळे किंवा अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमुळे. म्हणून ताडपत्रीखालीसुद्धा यंत्रावर त्याचे स्वतंत्र, अपारदर्शक झाकण हवेच.

बोट हिवाळ्यात ठेवतात त्या आवारात चोऱ्या होत असतील, तर मात्र यंत्र घरी न्यावे. हा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नेल्यावर ते सरळ ठेवावे, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवावे आणि काढण्यापूर्वी दिव्याच्या तारांवर खुणा कराव्यात. पुन्हा बसवताना ते दोन अंशांनी जरी तिरके बसले, तरी प्रत्येक दिशा तेवढ्याने चुकते. त्यामुळे पहिल्याच फेरीत नकाशावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ते तपासावे लागेल. विनिपेगसारख्या शहरात, जिथे पारा उणे 30 च्याही खाली जातो, तिथे अल्कोहोल भरलेले जुने यंत्र बोटीवर ठेवा असे मीही सांगणार नाही.