तारली कुणाला, इसवण कुणाला?

गोव्यात पाऊस आणि बालवर्ग जोडीनेच सुरू होतात. सहावी ते दहावीची मुलं 2025 पासून एप्रिलातच नव्या वर्गात बसू लागली. आमची चिल्लीपिल्ली अजून जूनचीच. म्हणजे आम्ही वर्ग सजवायला घेतो तो नेमका भिंतींना ओल सुटायच्या मुहूर्तावर. सेलोटेप बोटांना चिकटते, ओढणीला चिकटते, केसांना तर हमखास. भिंत तेवढी सोडून. रात्रभरात पताका ओघळतात, कार्डशीटचं फुलपाखरू पंख मिटून घेतं. ‘सुस्वागतम्’मधला ‘सु’ सकाळी जमिनीवर पडलेला होता. उरलेल्यावर भागत होतं, तो मी परत चढवलाच नाही.

तक्ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, असं प्रशिक्षणात सांगतात. पटतं हो! पण तीन वर्षांच्या पोराच्या डोळ्यांची उंची म्हणजे जमिनीपासून मीटरभराच्या आत. तिथेच त्याचे हात पोचतात, नाक पोचतं आणि डब्यातल्या शिऱ्याचं तूपही.

खरी कटकट मात्र रेनकोटच्या खुंट्यांनी केली. मुलांना नाव वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या खुंटीवर एक चित्र लावायचं. फुलाफुग्यांचा कंटाळा आला होता, म्हणून यंदा मी मासे काढले: बांगडा, स्वस्तातली तारली, मुडदुशी, सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि भाव खाणारी इसवण, म्हणजे सुरमई. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. म्हटलं, या 61 दिवसांत निदान आमच्या भिंतीवर तरी मासळी दिसेल.

पालक मुलांना घेऊन वर्ग बघायला आले.

“टीचर, आमच्या बाबूला तारली का?”

“हजेरीपटाच्या क्रमाने दिल्यात हो.”

“नाही, तसं काही नाही. पण आमच्या शेजारणीच्या मुलीला इसवण दिलीय.”

यावर काय बोलणार? पंगतीत आपल्या पानात नुसताच हुमणाचा रस्सा आणि शेजारच्या पानात तळलेली तुकडी पडावी, तसा त्या बाईंचा चेहरा झाला होता. तेवढ्यात दुसरे एक गृहस्थ हळूच म्हणाले, “आम्ही शिवराक.” म्हणजे शाकाहारी. त्यांच्या मुलीसाठी मी उभ्या उभ्या तांबड्या भाजीची जुडी रंगवून दिली, तर ती पोरगी सुंगटंच हवीत म्हणून भोकाड पसरून बसली. एक आजोबा बांगड्यापाशी वाकून बराच वेळ बघत होते. मला वाटलं, चित्राचं कौतुक करतील. “डोळा लाल आहे याचा,” ते म्हणाले. “शिळा.” काळं स्केचपेन वाळलं होतं, म्हणून मी डोळा लालने भरला होता. काय करता, पुसून परत काढला, चांगला टपोरा. आजोबांनी कल्ले वर करून बघितले नाहीत, हेच नशीब.

पहिल्या दिवशी सगळे रेनकोट दाराशी एकाच ढिगात पडले, आणि तारलीवाला बाबू तारली खरवडून खिशात घालून घरी गेला. त्याच्या आईने लगेच तो ‘पुरावा’ म्हणून माझ्यापुढे धरला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, नसती भांडणं नकोत, मासे काढा आणि फळं लावा. मी मुकाट्याने कात्री घेतली.

पोछा मारता मारता मावशी थांबल्या. “फळां? आनी मानकुराद आंबो मागीर कोणाक?”