‘बाई, माझा पाय दुखतोय’

गेल्या ऑक्टोबरात आमच्या शाळेच्या पोरी खो-खोत जिल्ह्यात पहिल्या आल्या. चौदा वर्षांखालचा गट. शहरातल्या दोन नावाजलेल्या शाळांना हरवून आल्या. आमच्या मैदानावरचा एक खांब वाळवीनं खाल्लेला, म्हणून तिथं बाभळीचा सोललेला बुंधा पुरून पोरींनी सराव केला होता. जिंकून आल्या त्या संध्याकाळी गावात हलगी वाजली, पेढे वाटले, पोरींना ट्रॅक्टरवर बसवून वेशीपासून शाळेपर्यंत आणलं.

आठ दिवसांनी त्याच संघातली सगळ्यात चपळ पोर माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. खाली बघत म्हणाली, “बाई, माझा पाय दुखतोय. मी नाही येत विभागाच्या स्पर्धेला.”

मी तिचा घोटा दाबून बघितला, गुडघा वाकवून बघितला. हूं की चूं नाही. मधल्या सुट्टीत खिडकीतून बघते तर हीच पोर मैदानात. मागच्या पोरीला हुलकावणी देऊन, खांबाला वळसा घालून साखळी पळत होती.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई-बाप ऊसतोडीला गेलेले. आमच्याकडं दसरा झाला की टोळ्या निघतात. घरात ही, धाकटा भाऊ आणि आजी. आजीनं चहा टाकला आणि पहिल्याच वाक्याला बोलून गेली, “पोरीला नेऊ नका असं कोण म्हणंल बाई? पण वर्गणीचे पाचशे रुपये आत्ता कुठून काढू? आगाऊ मिळालेली उचल तर मागच्या देण्यातच गेली.” पोर दाराआड उभी होती. तिचे कॅनव्हासचे बूट धुऊन पत्र्यावर वाळत घातले होते, लेस काढून वेगळ्या, दोन दगडांखाली दाबून. पाय दुखणारी पोर बूट कशाला धुईल?

तिचे पैसे मी भरले. ती आली, खेळली. पण त्याच संघातली दुसरी एक मुलगी “मामाच्या घरी लग्न आहे” म्हणून आली नव्हती, आणि तिचं मला खरंच वाटलं. लग्नबिग्न काही नव्हतं, हे मला जानेवारीत कळलं. सातवीतल्या पोरीनं घराची अब्रू राखायला खोटं बोलावं आणि तिच्या बाईला ते ओळखता येऊ नये, हे मला आजही खुपतं. त्यासाठीच ही पोस्ट लिहितेय. थोडी लांब होईल, पण वाचा.

एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतेय. या काळात विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व, कबड्डी, खो-खो, चित्रकला, बालनाट्य, सगळ्याला पोरं घेऊन गेले. शाळेपासून तालुक्याला, तालुक्यापासून जिल्ह्याला, तिथून विभागाला आणि मग राज्याला. प्रत्येक पायरीवर पोरं गळतात. त्यातली काही हरून गळतात, ते खेळाच्या रीतीनंच आहे. पण काही जिंकूनही गळतात. त्यांची नोंद कुठल्याच अहवालात नसते. अहवालात फक्त ‘अनुपस्थित’ असं येतं.

खर्चाचा हिशोब सांगते. बारा मुलींचा संघ आणि आम्ही दोघी शिक्षिका, तीन दिवस, शेजारच्या जिल्ह्यात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मुलींच्या संघाला फार मोठा आधार झाला, हे मनापासून सांगते. पण पहाटे पाचला आमच्या गावातून एसटी नाही, तालुक्यापर्यंत जीप करावी लागते. राहायची सोय एका वसतिगृहात झाली, जेवणाचं आपलं आपण बघायचं होतं. गुडघ्याच्या पट्ट्या, स्प्रे, बँडेज, एका पोरीला ताप आला तिचं औषध. सगळं धरून अकरा हजार चारशे रुपये. प्रत्येकी पाचशे वर्गणी ठरवली होती. उरलेलं आम्ही दोघींनी घातलं. ते घातल्याचं मला काही वाटत नाही, पगार आहे. पण ज्या शाळेत आमच्यासारख्या दोघी नसतील तिथल्या पोरींचं काय?

लोक म्हणतात, शाळेला अनुदान येतं की. येतं ना. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान मुलांच्या पटावर ठरतं. १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार. त्यातून वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, पत्र्याची गळती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. क्रीडा अनुदान वेगळं, प्राथमिकला ५ हजार आणि उच्च प्राथमिकला १० हजारांपर्यंत, पण ते चेंडू, दोऱ्या, रिंगा अशा साहित्यासाठी. म्हणजे खेळायला चेंडू मिळतो, आणि खेळून जिंकल्यावर पुढच्या गावी जायला मात्र काही नाही.

गेल्या वर्षी मी वरच्या कार्यालयात विचारून बघितलं. उत्तर मिळालं: आधी खर्च करा, बिलं जोडा, तरतूद असेल तर बघू. आता जीपवाला पक्कं बिल कुठून देणार? खानावळीची बाई वहीच्या कागदावर ‘१४ ताट’ लिहून देते. तो कागद मी जोडला होता, तो ‘नमुन्यात नाही’ म्हणून परत आला. बरं, सगळी बिलं अगदी नमुन्यात असली तरी पैसे नंतर मिळणार. ज्या घरात आज पाचशे नाहीत, त्या घराला मार्चमध्ये मिळणाऱ्या पाचशेचा काय उपयोग?

ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या आमच्या भागातल्या मुकादमाबद्दल मला कधीच चांगलं बोलता येणार नाही, उचलीपायी पिढ्या अडकल्यात. पण हातात पैसे पडल्याशिवाय माणूस घराबाहेर पडू शकत नाही, एवढं त्यालाही कळतं. म्हणून तो उचल आधी देतो. पोरीच्या आई-बापाला ऊसतोडीला न्यायला पैसे आधी मिळतात, आणि पोरीला खेळायला न्यायला नंतर, बिलं बघून. हे मला सहन होत नाही.

आणि असं नाही की सरकारला आधी पैसे देता येत नाहीत. केंद्र सरकारची इन्स्पायर मानक योजना बघा. सहावीपासून पुढच्या मुलांनी नवी कल्पना पाठवायची. निवड झाली की १० हजार रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात, मॉडेल करायला आणि ते प्रदर्शनाला घेऊन जायला. प्रवासाचा खर्च त्यात धरलेलाच आहे. आमच्या एका मुलानं कांदा चाळीत हवा खेळती ठेवायची युक्ती पाठवली होती. पैसे खात्यात आले, त्याच्या वडिलांनी सुतार गाठला, मॉडेल झालं, आणि बाप-लेक दोघं जिल्ह्याच्या प्रदर्शनाला गेले. मला एक रुपया कुणाकडं मागावा लागला नाही. बापानं आयुष्यात पहिल्यांदा मुलाला व्यासपीठाजवळ उभं राहून बघितलं. एका कल्पनेसाठी ही सोय होऊ शकते, तर बारा पोरींच्या पळण्यासाठी का नाही?

“लोकसहभागातून करा” हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. मी करतेही. पण लोकसहभाग गावाच्या ऐपतीवर चालतो. हमरस्त्यालगतच्या, साखर कारखाना असलेल्या गावात एका फोनवर वीस हजार जमतात. तांड्यावरच्या शाळेत सगळा गावच सहा महिने बाहेर असतो, तिथं वर्गणी कुणाकडं मागायची? जिथं पोरींना सगळ्यात जास्त गरज, तिथंच लोकवर्गणी सगळ्यात कमी. त्यामुळं मदत म्हणून ती आली तर आनंदच आहे, पण तिच्यावर पोरींचं जाणं-न जाणं ठरू नये.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण सगळे अभिमानानं सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या माणसापुढं मी हात जोडते. पण ही गोष्ट वर्गात सांगताना दर वेळी मला वाटतं, स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळावं म्हणून एका मास्तराला घर गहाण टाकावं लागलं, ही आपल्या सगळ्यांची नामुष्की होती. आपण तिचाच आदर्श करून ठेवला. म्हणून आजही शिक्षकानं खिशातून घातलं की वर्तमानपत्रात कौतुक छापून येतं आणि प्रश्न तिथंच मिटतो.

महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक पुन्हा मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य आणलं. तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला. म्हणजे सरकारनं वेळेवर पोराचा हात धरला तर काय होतं, ते आपण बघितलंय.

आणि खो-खो तर आपलाच. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात आपल्या महिला संघानं नेपाळला हरवलं, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. तो अंतिम सामना आमच्या पोरींनी माझ्या मोबाइलवर बघितला. रविवार होता, शाळेच्या ओट्यावर नऊ-दहा डोकी एका छोट्या स्क्रीनवर वाकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळ्या मैदानात हजर. त्यांना कुणी प्रेरणा द्यायची गरज नाही, प्रवासखर्च द्या.

पुणे जिल्हा परिषदेनं आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या साह्यानं परीक्षा घेऊन आपल्या शाळांतल्या मुलांना गेल्या वर्षी इस्रोला आणि नासाला पाठवलं. बातमी वाचून मला फार आनंद झाला होता. शेतमजुराचं पोर विमानात बसतं, उपग्रह कुठं घडतो ते बघून येतं, त्या पोराचं जगच बदलतं. कुणी त्यावर नाक मुरडू नये. जिल्हा परिषदेनं मनावर घेतलं तर पैसा उभा राहतो, हेच त्यातून दिसलं. माझं एवढंच म्हणणं आहे की असे उपक्रम करणाऱ्या प्रत्येक जिल्ह्यानं तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या एसटीचे आणि जीपचे पैसेही त्याच आपुलकीनं द्यावेत. नासाला मूठभर मुलं जातात. तालुक्याहून पुढं जाणारी प्रत्येक तालुक्यात शेकड्यानं असतात, आणि त्यांच्यातल्या एकेकीला लागणारी रक्कम पाचशे-सातशे रुपयांची असते.

कायदा काय म्हणतो तेही लिहिते. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ३. प्राथमिक शिक्षण घेण्यात आणि पूर्ण करण्यात अडथळा येईल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च मुलावर पडता कामा नये. खर्च हा शब्द तिथं आहे. मला एकानं ऐकवलं, “स्पर्धा म्हणजे शिक्षण नव्हे, ते ऐच्छिक आहे.” त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाच्या सर्वांगीण विकासाची गोष्ट आहे. खेळ, नाटक, प्रयोग बाजूला काढले तर सर्वांगीण म्हणजे उरतं काय?

मला हवं ते अगदी साधं आहे. जिल्हा परिषदेच्या सेस फंडात, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या निधीत, ‘स्पर्धा व उपक्रम प्रवास’ असं खर्चाचं स्वतंत्र शीर्ष असावं. जूनमध्येच थोडी रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा व्हावी, आणि संघ पुढच्या पायरीवर गेला की निकालपत्र बघून पुढची रक्कम निघण्याआधी मिळावी. माणशी किती, जेवणाला किती, हे ठरवून टाका. वहीच्या कागदावरचं बिल मुख्याध्यापक आणि समितीच्या सहीनं चालू द्या. उरलेले पैसे आम्ही परत भरू. मुलींसोबत दोन शिक्षिका जाव्यात आणि त्यांचाही खर्च त्यातच धरावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निवड झालेल्या मुलाकडं वर्गणी मागायचीच नाही, असं लेखी परिपत्रक निघावं. गरीब असल्याचा अर्ज करायला लावू नका. अर्ज करावा लागला की पोरींचे पाय दुखायला लागतात.

मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासकच होते. या काळात असं काही मागायला जायचं तर टेबलापलीकडं आपल्या मतदार गटातून निवडून दिलेलं माणूसच नसायचं. आता ज्या ज्या ठिकाणी आपण निवडून दिलेले सदस्य आहेत, त्यांच्याकडं जा. रस्ता मागता, सभामंडप मागता, तसंच हेही मागा. अंदाजपत्रक मार्चमध्ये येतं, पण विषय आत्तापासून कानावर घातला तरच तो त्यात बसतो.

ती पोर यंदा आठवीत आहे. चौदा वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. लग्नाचं कारण सांगणारीही संघात आहे, आणि या वेळी मी वर्गणी हा शब्दच काढलेला नाही. बाभळीचा बुंधा काढून दोन्ही खांब नवे पुरलेत, माजी विद्यार्थ्यांनी दिले. परवा शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. वरच्या सगळ्या मागण्यांचा ठराव मी लिहून ठेवलाय, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि आमच्या गटाच्या सदस्यांना हातोहात देऊन पोच घेणार आहे. ज्या शिक्षकांना, पालकांना तो ठराव आपल्या शाळेत मांडायचा असेल, त्यांनी मला निरोप द्या, मसुदा पाठवते. शाळेचं नाव तेवढं बदलून घ्या.