‘कनेक्टेड’ म्हणतो, पण ठिपके उठत नाहीत: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की 20 सेलचा (म्हणजे एका ओळीत 20 ब्रेल अक्षरं उठवणारा) ब्रेल डिस्प्ले, स्क्रीनवरचा मजकूर बोटांनी वाचायचं यंत्र, भाच्याने आयफोनला जोडून दिला, फोन ‘कनेक्टेड’ म्हणतो पण एकही ठिपका उठत नाही, लॅपटॉपवर मात्र चालतो, आणि दुकानातून ‘रीसेट करा’ एवढंच उत्तर मिळालं. ते उत्तर चुकीचंच होतं. शिवाय डब्यात नुसतं छापील पत्रक होतं, ती चूकही आमचीच, ब्रेलमधलं पाठवतो.

लॅपटॉपवर ठिपके उठतात म्हणजे पिना ठीक आहेत. बहुधा भाच्याने जोडणी ब्लूटूथच्या यादीतून केली. इअरफोनला ते चालतं. पण ब्रेल उमटवतो व्हॉइसओव्हर, म्हणजे आयफोनमधला स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम, म्हणून जोडणी त्याच्याच सेटिंगमधून हवी.

आधी ब्लूटूथच्या यादीत डिस्प्लेच्या नावापुढच्या ‘मोअर इन्फो’मध्ये जाऊन ‘फर्गेट धिस डिव्हाइस’ करा. डिस्प्ले बंद-चालू करून ब्लूटूथ मोडमध्ये ठेवा. वाचन मोडमध्ये तो फक्त त्याच्या मेमरी कार्डावरच्या फाइली दाखवतो. मग व्हॉइसओव्हर चालू ठेवून सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हॉइसओव्हर, ब्रेल. पानाच्या तळाशी नाव यायला थोडा वेळ लागतो, घाई नको. आलं की दोनदा टॅप करा, कोड मागितला तर द्या.

हे सगळं करताना लॅपटॉप बंद हवा. एनव्हीडीएमध्ये (लॅपटॉपवरच्या स्क्रीन रीडरमध्ये) ब्रेल डिस्प्ले ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर तो ओळखीचा डिस्प्ले आपणहून पकडतो, आणि तुमच्या मॉडेलला एका वेळी एकच ब्लूटूथ जोडणी झेपते. फोन मग बाहेर ताटकळतो. लॅपटॉप चालूच ठेवायचा असेल तर एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट), कंट्रोल आणि ए एकत्र दाबून ‘नो ब्रेल’ निवडलं की भांडण मिटतं.

ठिपके उठले पण शब्द अर्धेच वाटले (‘नॉलेज’च्या जागी एकटा के), तर इंग्रजी आउटपुट संक्षिप्त ब्रेलवर (अख्ख्या शब्दाला एखादंच अक्षर वापरणाऱ्या) आहे, ते व्हॉइसओव्हरच्या ब्रेल सेटिंगमध्ये ‘अनकॉन्ट्रॅक्टेड’ करा.

अँड्रॉइडवाल्यांनीही जोडणी टॉकबॅकच्या (अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरच्या) सेटिंगमधल्या ‘ब्रेल डिस्प्ले’तूनच करावी. ही सोय 2022 च्या टॉकबॅक 13 पासून आत आहे; त्याआधी ब्रेलबॅक हे वेगळं ॲप लागायचं. ‘निअरबाय डिव्हायसेस’ची परवानगी नाकारली असेल तर डिस्प्ले सापडतच नाही.

एवढं करूनही फोनवर काही उमटलं नाही, तर वाचन मोडमध्ये कार्डावरची फाइल उघडून विसाही सेलवरून बोट फिरवा. एखादा सेल तिथेही बसलेला राहिला तर दोष यंत्राचा. बिल दाखवा, बदलून देऊ.