‘फॉर्म भरला की लॉ फुकट’: कुणाला, कुठं, किती?

सातारा-सांगलीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘लॉची फी कितीही वाढू दे, महाडीबीटीचा फॉर्म भरला की सगळी माफ. मुलींना तर कुठंही रुपया लागत नाही. खर्च काय तो सनदेचा, पंधरा हजार.’ महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीचं पोर्टल, सनद म्हणजे वकिलीचा परवाना. या मेसेजवर विसंबून प्रवेश घेतला तर फसगत ठरलेली.

मुलींचं आधी. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं, हे खरं. पण कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंटची सीट घेतली की सवलत गेली. खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठं तर यात नाहीतच. ‘पुण्याला घालू, तिथंही फुकटच’ म्हणणाऱ्या मामांनी हे आधी तपासावं.

मुलांना सगळी माफ? एससी, एसटी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त) यांच्या सवलती वेगळ्या आहेत. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस मुलाला मात्र शिक्षण शुल्काची निम्मीच प्रतिपूर्ती. समजा शुल्क ४० हजारांचं ६० झालं, तर घरून भरायचे २०चे ३० झाले. मग ‘कितीही वाढू दे’ कसं? तशी मनाला येईल तेवढी वाढवताही येत नाही म्हणा. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं.

आता फीची पावती हातात घ्या. शिक्षण शुल्काखाली डेव्हलपमेंट, लायब्ररी, जिमखाना, डिपॉझिट अशा ओळी असतात. माफीत त्या धरलेल्या नाहीत. जतहून सांगलीला आलेल्या पोराची खोली आणि मेसही नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज वेगळा, तोही पात्रतेत बसला तर.

शिवाय फॉर्म भरला म्हणजे पैसे आले असं नव्हे. अर्ज आधी क्लार्कच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या. उत्पन्नाचा दाखला जुना निघाला की परत. बँक खातं आधारला सीड, म्हणजे जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते. तोवर कॉलेज थांबणार की हमीपत्र लिहून घेणार, हे प्रवेशाच्या दिवशीच खिडकीवर विचारावं.

सनदेचा आकडा मात्र उलटा, फुगवलेला. ३० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बार कौन्सिलला वकील म्हणून नोंदणीसाठी कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही: खुल्या वर्गाला ७५० रुपये, एससी-एसटीला १२५. मुद्रांक शुल्क आणि ऑल इंडिया बार परीक्षेची फी वेगळी.