आडनाव विचारणारं पुणं

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सध्या एक ठराव फिरतोय: भाडेकरू शाकाहारीच हवा, आणि कमिटीच्या एनओसीशिवाय करार नाही. चुलतभाऊ म्हणतो, "घर आपलं, माणूस आपण निवडणार. यात भेदभाव कुठला?" वर दाखला देतो, २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीला फक्त पारशी सभासद ठेवायची मुभा दिली.

दादाला निकालच हवे असतील तर मी राहतो त्या अमेरिकेतलाही घ्यावा. शिकागोत घर कृष्णवर्णीयांना विकणार नाही, असं खरेदीखतातच लिहून ठेवायचे. अशा अटी कोर्टांनी अमलात आणायच्या नाहीत, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४८ सालीच सांगितलं. तरी १९६६ साली शिकागोच्या मार्क्वेट पार्कात, घरांमधल्या भेदभावाविरुद्धच्या मोर्चात, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या डोक्यात दगड बसला. घर देताना भेदभावाला बंदी घालणारा कायदा आला १९६८ मध्ये, त्यांच्या खुनानंतर आठवड्याने. आजही डॅन रायन हायवे सोडून शहराच्या दक्षिण भागात, साउथ साइडला, उतरलं की ओळीने रिकामे प्लॉट दिसतात. तीसच्या दशकातल्या सरकारी नकाशांत कृष्णवर्णीयांच्या ज्या वस्त्या लाल रंगवल्या, तिथे कर्ज मिळेना. ज्यांना घर घेता आलं नाही, त्यांच्या मुलांकडे तारण ठेवायलाही काही उरलं नाही.

पुण्यात असा नकाशा लागलाच नाही. एजंट फोनवर नाव विचारतो, मग "पूर्ण नाव?", मग "घरात नॉनव्हेज होतं का?" आडनाव शेख निघालं की सकाळी रिकामा असलेला टू-बीएचके दुपारी गेलेला असतो, आणि "कोंढव्यात बघा", म्हणजे मुस्लिम वस्तीत, असा सल्ला मिळतो. कांबळे निघालं की मालक घरी विचारून कळवतो, ते कळवतच नाही. याच शहरात, गंजपेठेत, जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्या गावात आज असा ठराव लिहिला जातो याचा मला संताप येतो.

"तिकडे बसून बोलणं सोपं," असं म्हणतील. म्हणोत. इथे मला पहिलं घर क्रेडिट स्कोअरवर मिळालं, कारण नाव बघून नकार दिला तर तक्रार होईल हे मालकाला माहीत होतं. तो धाक इथल्या कृष्णवर्णीयांनी मार खाऊन बसवला. मला तो आयता मिळाला. पुण्यात मला कुणी कधी अडवलंच नाही, कारण माझं आडनाव तिथे चालतं. ज्या शहराला मी आपलं म्हणत आलो, त्याने मला आपलं म्हटलं ते माझ्यामुळे की आडनावामुळे, हा प्रश्न मला इथे आल्यावरच पडला. तो अजून बोचतो.

माझा फ्लॅट मार्चमध्ये रिकामा होतोय. कमिटीला कळवलंय: वेळेवर भाडं देईल त्याला देणार, आडनाव विचारणार नाही. एनओसी अडवली तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करणार.