येवंदे, येवंदे... बास!

गावात बस आणणं सोपं असतं. निवेदनावर सह्या गोळा करायच्या, दोन-चार हेलपाटे घालायचे, पुढाऱ्याला गणपतीत जेवायला बोलवायचं. एक दिवस गाडी येते. काचेला हार, चाकाखाली लिंबू, ड्रायव्हर-कंडक्टरला शाल-श्रीफळ, पेपरात फोटो. खोबऱ्याचे तुकडे वाटून झाले की गर्दीतून कुणीतरी विचारतं, "पण ही आता वळणार कुठे?"

आमची वाडी रत्नागिरी शहराच्या कडेला. घरपट्टीपुरती गावात आणि जागेच्या भावापुरती शहरात. शहर बसचा शेवटचा स्टॉप आमच्याकडे, तोही आमच्याच गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला टेकून. पुढे उतार आणि उताराखाली खाडी. गाडी आणखी पुढे न्यायची तर तिला वल्ही बसवावी लागतील. तेव्हा वळायचं ते इथेच. त्यासाठी आहे एक तिठा. एक रस्ता शहराकडून येणारा, दुसरा देवळाकडे जाणारा, आणि तिसरा कागदोपत्री रस्ताच असेल, पण व्यवहारात ते माझं बेडं, म्हणजे आवारात शिरायचं फाटक आहे. गाडी तोंड देवळाकडे घालते आणि पाठ माझ्याकडे करते. दर फेरीला. पहिली फेरी उजाडायच्या आत येते, त्यामुळे आमच्या घरात गजर लावायची पद्धत बंद झाली आहे.

खरं तर तिठ्यावर मागे-पुढे करत वळण्यात कुणालाच हौस नाही. बस असते अकरा-बारा मीटर लांब. तिला एका दमात, मागे न येता फिरवायचं तर वीस-पंचवीस मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. पंचवीस मीटरचं वर्तुळ म्हणजे जवळपास ४९० चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानाने पाच गुंठे. आता आपल्याकडे हापूसची कलमं दहा बाय दहा मीटरवर लावतात, म्हणजे गुंठ्याला एक. हा हिशेब मी वाडीच्या बैठकीत मांडला तेव्हा "पाच गुंठे" या शब्दांवर कुणी फार चुळबुळ केली नाही. "म्हणजे पाच कलमं" म्हटल्यावर मात्र मागच्या रांगेतले दोघे उठून चपला शोधायला लागले.

बस सगळ्यांना हवी होती. ती दुसऱ्याच्या कलमांत वळावी, एवढीच प्रत्येकाची माफक अपेक्षा होती. तात्या म्हणाले, "माझी जागा घ्या, मी एका पायावर तयार." तात्यांच्या सातबाऱ्यावर अडतीस नावं आहेत. निम्मी विरार-डोंबिवलीला, काही त्याहून वर. विरारच्या आत्याबाई सही करतील, पण आधी विहिरीचा वाटा मोकळा झाला पाहिजे. विहिरीचा दावा तात्यांच्या वडिलांनी घातलेला. तात्यांचा एक पाय अजून तसाच तयार आहे.

मग अण्णांनी आराखडा काढला. अण्णा बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी देवळासमोरचं मोकळं आवार काढलं, मधोमध पिंपळ आणि त्याचा पार, आणि भोवती बसचा वळसा. "गाडी उजवीकडे वळवायची," अण्णा म्हणाले, "ड्रायव्हर उजव्या अंगाला बसतो. आतलं मागचं चाक पाराला घासतंय का, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. आणि दार डाव्या अंगाला, म्हणजे माणसं बाहेरच्या बाजूने चढणार-उतरणार. चाकाखाली यायची भीती नाही." इतका बिनतोड आराखडा आमच्या वाडीत त्याआधी कुणी मांडल्याचं मला आठवत नाही. त्यात पुन्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की उजव्या हाताला पिंपळ ठेवून फिरायचं म्हणजे आपसूक प्रदक्षिणाच झाली. बायकांनी लगेच मान डोलावली. शहरात दळण आणायला जाता-येता पुण्य मिळत असेल तर कोण नको म्हणेल!

घोडं अडलं ते मासळीपाशी. खाडीवरच्या बायका पाट्या घेऊन याच गाडीने बाजाराला जातात. "बांगड्यांच्या पाटीसकट देवाला प्रदक्षिणा?" असा प्रश्न एका सोवळ्या आवाजात आला. त्यावर पाटीवाल्यांपैकी एकीने, देव आधी कुणाचा आणि त्याला नैवेद्याला काय लागतं, याचा इतिहास सांगायला घेतला. तो पुरा ऐकून घ्यायची कुणाची छाती नव्हती. शेवटी ठरलं की देवालाच विचारू. गुरवाने कौल लावला. कौल झाला डावा.

डावा कौल म्हणजे नकार, हे पोरालाही कळतं. पण अण्णा हरणारे नव्हेत. त्यांचं म्हणणं, देवाचा वळशाला विरोध नाही, फक्त गाडी डावीकडून वळवा असं तो सुचवतो आहे. गुरवाने अण्णांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने एखादी नवी बससुद्धा मागे सरकली असती.

टोरांटोला माझा भाचा असतो. त्याला ही कथा सांगितली तर त्याने मला फोनवर व्हिडिओ पाठवले. तिथे ट्रामच्या आणि बसच्या मार्गाच्या टोकाला रस्ता सोडून आत वेगळी जागाच असते, 'लूप' म्हणतात. गाडी रस्त्यावरून आत शिरते, गोल फिरते आणि तोंड शहराकडे करून उभी राहते. तिथल्या ट्रामला चालवायची जागा एकाच टोकाला आणि दारंही एकाच बाजूला, त्यामुळे तिला फिरण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या मुंबईच्या लोकलचं तसं नाही. मोटरमन डबा-पेटी उचलून दुसऱ्या टोकाला चालत गेला की गाडी वळली. टोरांटोत या लूपना नावंही आहेत: नेव्हिल पार्क, लाँग ब्रांच, हंबर. भाच्याने सांगितलं, "मामा, ती जागा नुसती वळायला नसते. गाडीला उशीर झाला असेल तर तिथे भरून काढतात, ड्रायव्हरला पाच मिनिटं पाय मोकळे करता येतात, आणि मागचा ट्रॅफिक अडत नाही." मी ते व्हिडिओ बैठकीत दाखवले. सगळे भारावून पाहत होते. तात्यांनी फोन जवळ घेऊन विचारलं, "पण हे कुणाच्या सातबाऱ्यावर आहे?" तेव्हा तिकडे रात्र होती, भाच्याने उत्तर दिलं नाही. त्यानंतर दिवसाही दिलं नाही.

आमच्याकडे पाय मोकळे करायची सोय म्हणजे माझी पडवी. ड्रायव्हर-कंडक्टर चहा तिथेच घेतात. माणसं चांगली आहेत, आणि खरं सांगायचं तर या तिठ्यावर गाडी वळवणाऱ्याला चहाच काय, जेवणही घालावं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गाडीचं तोंड सांभाळलं की झालं. घात करते ती शेपटी. मागच्या चाकांच्याही मागे गाडीचा जो भाग लोंबता असतो, तो वळताना उलट्या बाजूला फेकला जातो. तोंड उजवीकडे निघालं की शेपटी डावीकडे येते. आणि डावीकडे आमचं तुळशीवृंदावन आहे. रोज सकाळी आमची सौ. तांब्या घेऊन वृंदावनाच्या एका अंगाला आणि एवढं लाल पत्र्याचं धूड दुसऱ्या अंगाला, मध्ये चार बोटं जागा. ती पाणी घालते, गाडी सरकते, दोघींचा एकमेकींना धक्का लागत नाही. गडग्याला मात्र लागतो. पण गडगा ही आपल्या पूर्वजांनी फार विचार करून काढलेली वस्तू आहे. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले, ना चुना ना सिमेंट. सकाळी पडला तर दुपारच्या फेरीपर्यंत पुन्हा उभा. दुपारच्या फेरीला पडायला.

गाडी मागे घेताना कंडक्टरने खाली उतरून बघायचं असतं. आमचे मास्तर उतरतात, मागच्या कोपऱ्यावर तळहात मारत "येवंदे, येवंदे" करतात. गाडी पुढे जाताना एक घंटी थांबायची आणि दोन निघायच्या, हे ठीक. मागे जाताना सगळा भरवसा तोंडावर. इथवर काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते तिठ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपणही मास्तर आहोत असं वाटायला लागतं तेव्हा. दूध घालायला आलेला, पेपर टाकणारा, शाळेची पोरं, आणि ज्याला गाडीने कुठेच जायचं नाही असा बंड्या. एकाचं "येवंदे", दुसऱ्याचं "डावीकडं मारा, डावीकडं!", तिसऱ्याचं "तुमचं डावं नाय, माझं डावं!" ड्रायव्हरला इंजिनाच्या आवाजात यातलं फक्त "मारा" ऐकू येतं. बंड्या 'बास' म्हणून हात वर करतो, पण त्याच हातात मोबाइल असल्यामुळे तो थांबवतोय की शूटिंग करतोय ते कळत नाही.

घाटावरून बदलून आलेला एक ड्रायव्हर पहिल्या दिवशी इथे आला. तिठ्यावर गाडी बंद केली, खाली उतरला, तिन्ही रस्ते पायांनी मोजले, खाडी पाहिली, माझं वृंदावन पाहिलं. मग मला विचारलं, "काका, हितनं रोज वळवत्यात?" मी हो म्हटलं. "आन् वळती?" मी पुन्हा हो म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. आता तोच एका हाताने वळवतो आणि दुसऱ्या हाताने बंड्याला बाजूला व्हायची खूण करतो.

प्रवाशांची आपली वेगळीच लढाई. गाडी वळायच्या आधी चढायचं की वळल्यावर? कंडक्टर ओरडत असतो, "वळूं दे आधी गाडी!" बायका म्हणतात, "वळू दे की, आम्ही कुठं धरून ठेवलीय?" आणि चढतात. आधीच्या स्टॉपवरची मंडळी तर उलटी आमच्याकडे येतात, बसून वळतात आणि बसल्या बसल्या स्वतःच्या स्टॉपवरून पुन्हा जातात. त्यांना तिकीट कुठून द्यायचं यावर रोज नवा वाद. कंडक्टर म्हणतो चढलात तिथून, ते म्हणतात, "पण आम्ही अजून निघालोच नाय!" विचार केला तर त्यांचंही चूक नाही.

नवखा माणूस घाईने सावलीची खिडकी धरतो. गाडी वळते, सावली पलीकडे जाते आणि तो शहरापर्यंत कपाळावर हात धरून बसतो. वाडीतले म्हातारे वळायच्या आधी हटकून उन्हात बसतात. अंगावर ऊन घेत शांत बसलेला म्हातारा दिसला की समजावं, हा इथला.

बरं, हा तिठा तरी बसला मोकळा मिळतो का? शिमग्यात पालखी तिथेच नाचते, आणि पालखी नाचत असताना हॉर्न वाजवायची कुणाची टाप नाही. मे महिन्यात क्रिकेटच्या स्टंपांना वाट द्यावी लागते. चालू षटक संपल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही असा अलिखित नियम आहे आणि पंच तो पाळायला लावतो. पावसात जांभ्याच्या मातीचा लाल राडा. गणपतीत तर विचारूच नका. एरवी एमएच ०८ च्या चार स्कूटर उभ्या असणाऱ्या तिठ्यावर एमएच ०४, ०५, ४८ च्या गाड्यांची रांग. त्यांचे मालक आरतीत. कुणाची गाडी कुणाची हे आरती संपल्याशिवाय कळत नाही, आणि आमच्याकडे आरत्या 'सुखकर्ता'वर संपत नाहीत. तोवर बस, तिच्यातली माणसं, मास्तर, सगळे टाळ्या वाजवत उभे. प्रसाद घेऊनच फेरी सुटते.

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, हे कुणीही सांगतो. ती नगरला पोचल्यावर वळली कुठे, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तिथेही कुणाचा तरी गडगा असणारच.

गेल्या वर्षी या सगळ्यावर तोडगा निघाला. एका सधन घराण्याने वडिलांच्या स्मरणार्थ तिठ्यावर तो फुगीर, गोल आरसा बसवायचा ठरवलं, घाटातल्या वळणांवर असतो तसा. ड्रायव्हरला मागची शेपटी समोर दिसेल, वृंदावन वाचेल, येवंदेवाल्यांची गरज उरणार नाही. आरसा आला, विजेच्या खांबावर चढला, नारळ फुटला. मग सगळ्यांनी वर पाहिलं. आरशावर लाल रंगात वरच्या अर्धवर्तुळात 'कै.' आणि पूर्ण नाव, मध्ये जन्म-मृत्यूच्या तारखा, खालच्या अर्धवर्तुळात 'सौजन्य : समस्त परिवार, मुलुंड (पूर्व)', आणि दोन्ही बाजूंना कमळं. मोकळी काच उरली पापडाएवढी. त्यात गाडी दिसत नाही, खाली भांग पाडणारा बंड्या तेवढा दिसतो.

मास्तरांनी नम्रपणे सुचवलं की तारखा तरी पुसाव्यात, निदान मागचा दिवा दिसेल. घराण्यातल्या थोरल्यांना फोन झाला. ते म्हणाले, जन्मतारीख पुसायला हरकत नाही, पण धाकट्याचं मत घ्यावं लागेल, आणि धाकट्याशी ते विहिरीच्या वाटपापासून बोलत नाहीत. गणपतीला दोघेही येणार आहेत, तेव्हा बैठक लावू. बैठक माझ्या पडवीत आहे. फक्त सगळ्यांनी आपापल्या गाड्या देवळाजवळ लावून चालत यावं, एवढं मी प्रत्येकाला कळवून ठेवलं आहे.